कापड टाकून धरलेली जागा

१२ मार्च, बुधवार

ही डायरी बर्नीने नाताळात दिली. बर्नी म्हणजे बर्नाडेट, माझी बायको. "माझ्याशी बोलत नाहीस, निदान कागदाशी तरी बोल," असं म्हणाली होती. मी हसलो आणि डायरी खणात टाकून दिली. आज काढली. आज बोलण्यासारखं काही आहे आणि बर्नी तिच्या बहिणीकडे, कोलेटकडे, ईरीला गेली आहे.

मी काम करतो त्या पाळण्या-चक्रांच्या पार्कच्या नव्या मालकांनी आज आम्हा सगळ्यांना वर्कशॉपमध्ये बोलावलं. हीटर बंद, सगळे कोट घालून पत्र्याच्या खुर्च्यांवर. जुनी मालकीण, आमची म्हातारी, गेल्यावर तिच्या मुलांनी पार्क अटलांटाच्या कंपनीला विकलं, त्याला आता सहा महिने होतील. कंपनीने ब्लेक नावाचा मॅनेजर पाठवला आहे. माणूस वाईट नाही, पण सारखा हसतो, आणि दात फार पांढरे आहेत. त्याने पडद्यावर चित्रं दाखवत सांगितलं की सीझन पास बंद. माझ्या आईच्या लहानपणापासून चालत आलेला पास. वसंतात एकदा पैसे भरा, फोटो काढा, पानगळीपर्यंत हवं तेव्हा या. आता त्याच्याऐवजी सभासदत्व. हिरवं, सोनेरी आणि प्लॅटिनम. दरमहा कार्डातून पैसे कापले जाणार. हिवाळ्यातही, माणूस स्वतःहून थांबवत नाही तोवर कापतच राहणार.

ओडेसाने हात वर केला. ती पासच्या खिडकीवर माझ्या शेजारी बसते, मी इथे हेडसाहेब झालो त्याच्याही आधीपासून.

"जानेवारीतसुद्धा? जानेवारीत इथे हरणांशिवाय कुणी फिरकत नाही."

"जानेवारीत आपण नातं जपतो," ब्लेक म्हणाला.

"माझ्या पहिल्या नवऱ्याची भाषा," ओडेसा माझ्या कानाशी पुटपुटली. "तोही लांबूनच जपायचा. पैसे मात्र वेळेवर मागायचा."

मला हसू आलं, पण खरं सांगायचं तर हंगाम सुरू व्हायच्या आधीच थकल्यासारखं वाटतं आहे. रद्द करायचं असेल तर फक्त फोनवर, आणि तो फोन आमच्या टेबलावर येणार.

२० मार्च, गुरुवार

फोनवर काय बोलायचं याचं शिक्षण झालं. अटलांटाहून एक बाई आल्या होत्या. सभासद सोडून जायचं म्हणाला की त्याला लगेच जाऊ द्यायचं नाही. तीन ऑफर. पहिली: कारण विचारायचं, 'तुम्हाला कसं वाटतंय ते मला समजतंय' असं म्हणायचं आणि दोन महिने कोल्ड्रिंक फुकट द्यायचं. दुसरी: खालच्या दर्जाचं, स्वस्त सभासदत्व. तिसरी: विराम. म्हणजे तीन महिने काही कापणार नाही, पण नाव राहील. तिन्ही झिडकारल्या तरच रद्द. जो थांबला त्याला म्हणायचं 'वाचवला'. रोज संध्याकाळी फळ्यावर लिहायचं, किती वाचवले.

"वाचवायचं काम इतके दिवस चर्चकडे होतं," स्टश म्हणाला. हा फाटकावरचा आमचा म्हातारा. त्याला शिक्षणाला बोलावलं नव्हतं, कॉफीसाठी आला होता.

शंभरातले साठ वाचले नाहीत तर हे टेबल बंद करून फोन अटलांटाला वळवणार. म्हणजे ओडेसा, दोघी पार्ट-टाइमवाल्या आणि मी, चौघंही घरी. माझ्या वयात या खोऱ्यात दुसरी नोकरी कुठे मिळणार? गिरणी गेली तेव्हा वडील माझ्याएवढेच होते. पुढे ते पोर्चवर बसून राहिले ते राहिलेच.

६ एप्रिल, रविवार

बर्नी परत आली. म्हणाली होती चार दिवस, राहिली तीन आठवडे. ईरीतल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात कोलेट काम करते, तिथे हीसुद्धा मदतीला जात होती म्हणे. तळ्यावरचा बर्फ फुटताना पाहिला म्हणाली. चेहरा बरा दिसतो आहे. चला, बदल मानवला.

जेवताना म्हणाली, "रीज, या वर्षी पार्कातल्या आपल्या स्लोव्हाक पिकनिकला तू टेबलाशी बसायचंस. माझ्यासमोर. ताट घेऊन."

"मी असतोच की तिथे."

"असतोस. शर्टाला नावाची पट्टी लावून. येऊन एक कोल्बासी सॉसेज उचलतोस आणि उभ्याउभ्या खाऊन पळतोस. मला बसलेला नवरा पाहिजे."

"बसेन."

"हे मी दरवर्षी ऐकते. या वर्षी शेवटचं विचारतेय."

मी म्हणालो, नक्की. मनापासून म्हणालो. त्या दिवशी रजा मागायची आहे, उद्याच ब्लेकशी बोलतो.

९ मे, शुक्रवार

पार्क उघडून आठवडा झाला. लिहायला त्राण नाही. लोक खिडकीवर येतात ते जुना पास हातात घेऊन. एका आजीबाईंनी विचारलं, "मी पाळण्यात बसत नाही, बाकड्यावर बसते, नातवंडांच्या पर्स सांभाळते. मला कुठला रंग?" मी म्हणालो, हिरवा. पैसे दर महिन्याला कापले जातील हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "बाळा, मी दर महिन्याला फक्त गोळ्या घेते." त्यांच्या पाठच्या माणसाने शिव्या घातल्या. मला नाही, कंपनीला. पण कंपनी खिडकीवर बसत नाही, मी बसतो.

बर्नी मला कपडे धुवायचं मशीन शिकवते आहे. पांढरे वेगळे, रंगीत वेगळे, कुठलं बटण केव्हा. मी म्हणालो, आत्ता हे कशाला? म्हणाली, शिकून ठेव. उगाच वाद नको म्हणून शिकलो. फार अवघड नाही.

२२ मे, गुरुवार

आजची बातमी ऐकून डोकं भणभणलं. हिरव्या सभासदत्वाला काही दिवस बंदी आहे, गर्दीचे शनिवार. यादीत एकोणीस जुलै आहे. आमची स्लोव्हाक पिकनिक.

ब्लेकला समजावायचा प्रयत्न केला. आमच्याकडे उन्हाळ्यात प्रत्येक गावाचा, प्रत्येक शाळेचा, प्रत्येक जमातीचा पार्कात एक दिवस असतो. लोक सकाळी सातला येतात, झाडांखालच्या शेडमध्ये आपापल्या टेबलावर कापड अंथरतात, चार चिमटे लावतात आणि निघून जातात. दिवसभर. डबे, टोपल्या, कोणाच्या हॅट्स, सगळं तिथेच. कुणी हात लावत नाही. कापड टाकलं म्हणजे जागा धरली, म्हणजे माणूस परत येणार. हे इथे कुणी शिकवत नाही, लहानपणापासून आपोआप येतं.

"बेवारस कापडं," ब्लेकने लिहून घेतलं. "उत्तम मुद्दा, रीजिस. शेड आता प्लॅटिनमवाल्यांसाठी आरक्षित राहतील. टेबलाजवळ माणूस नसेल तर कापड उचलायचं. हे तूच बघ, तुला लोक ओळखतात."

माझी आणि बर्नीची गाठ अशाच कापडामुळे पडली. मी तेव्हा घोड्यांच्या चक्रावर तिकिटं फाडायचो. जेवायच्या सुट्टीत बसायला कुठे जागा नव्हती. टोकाच्या टेबलाशी ती एकटी बसली होती, निळ्या कोंबड्यांच्या कापडावर. मी विचारलं, "इथे कुणी यायचंय का?" म्हणाली, "हो. तूच. केव्हाची धरून बसलेय." आधी ओळखही नव्हती. तेच कापड अजून वापरते. कोंबडे फिके पडलेत.

आणि आणखी एक. कर्मचाऱ्यांच्या बायका-नवऱ्यांचा फुकट पासही गेला. बर्नीला हिरवं सभासदत्व मिळालं, सवलतीत. म्हणजे पिकनिकच्या दिवशी तिला प्रवेशच नाही. तिचं सोनेरी करून घ्यायचं आहे. माझ्याच हातात आहे, दोन मिनिटांचं काम.

३ जून, मंगळवार

बर्नी पुन्हा ईरीला जाऊन आली. शिलाई मशीन घेऊन गेली. कोलेटला पडदे शिवायचे आहेत म्हणे. कोलेटच्या घराला किती खिडक्या आहेत कोण जाणे.

आज बेचाळीस फोन. घसा बसला. एका माणसाला विराम दिला तर तो म्हणाला, "विराम म्हणजे काय? मी गेलोय, पण तुम्हाला पटत नाहीये, असंच ना?" फळ्यावर त्याला 'वाचवला' म्हणून लिहिलं.

१७ जून, मंगळवार

आज गंमत झाली. बऱ्याच दिवसांनी टेबलावर सगळे हसले.

दिवस संपत आला होता आणि साठला दोन कमी पडत होते. फोन वाजला. मी नेहमीचं म्हणालो, "नमस्कार, मी रीजिस, आज मी आपली काय मदत करू?"

"मला रद्द करायचंय," पलीकडून बर्नी.

मी म्हटलं, घरी पैसे कापल्याचा कागद आलेला दिसतोय. पण फोन आल्यावर सोडतो की काय! मी ओडेसाला खूण केली आणि स्पीकर लावला. म्हणालो, "ऐकून वाईट वाटलं, बाईसाहेब. रद्द करायचं कारण कळेल का?"

 मग म्हणाली, "वापर होत नाही. वर्षानुवर्षं पैसे भरतेय आणि जिच्यासाठी भरते ती गोष्ट बंदच असते."

"तुम्हाला कसं वाटतंय ते मला समजतंय."

"समजतंय का?"

"अगदी. म्हणूनच पुढचे दोन महिने आमच्याकडून कोल्ड्रिंक फुकट."

पार्ट-टाइमवाल्या तोंडावर हात धरून हसत होत्या. बर्नीपण हसली, निदान तसा आवाज आला. म्हणाली, "नको." मी दुसरी ऑफर दिली, याहून स्वस्तात. "याहून स्वस्त काय असणार, रीज? आत्ताच फुकटात मिळाल्यासारखी आहे मी." काय बिनतोड बोलते! मग तिसरी. तीन महिने विराम. काही कापणार नाही, नाव राहील.

मला वाटलं, याही वेळी 'नको' म्हणेल. 

"ठीक आहे," म्हणाली. "पिकनिकपर्यंत."

मी फळ्याकडे जाऊन मोठ्याने म्हणालो, "वाचवली!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फक्त ओडेसाने नाही. ती हेडफोन काढून माझ्याकडे बघत राहिली.

"घरी जा, रीज," म्हणाली. "आत्ता. तुझे फोन मी घेते."

मी म्हणालो, अजून एक कमी आहे. शेवटी पावणेसहाला तोही मिळाला.

घरी आल्यावर बर्नीला म्हणालो, तू तर धमाल केलीस आज. ती पिरोगीच्या पाऱ्या लाटत होती. म्हणाली, "वाचवलंस ना मला, झालं तर." पिठाचे हात तसेच घेऊन आत गेली. कंटाळली असेल, उकाडाही फार आहे.

२९ जून, रविवार

बर्नीने डीप फ्रीझर डब्यांनी भरून टाकला. हलुश्कीचे नूडल, भरलेली कोबी, सूप. प्रत्येक डबा एका माणसाचा, वर चिठ्ठी. मी म्हणालो, आपण दोघं आहोत. म्हणाली, "तू वेळीअवेळी येतोस. तेवढंच गरम करायचं." विचार करते बिचारी. या वयात एवढी काळजी घेणारी बायको मिळायला नशीब लागतं, हे कधीतरी तिला सांगायला हवं.

११ जुलै, शुक्रवार

ब्लेकने रजा नाकारली. एकोणीसला सगळे हजर हवेत, नव्या नियमांचा पहिला मोठा शनिवार. मी म्हणालो, बायकोला शब्द दिलाय. तो म्हणाला, "तिला पार्कात घेऊन ये की! एकाच दगडात दोन पक्षी." हा माणूस बोलतो आणि मला झोप येते.

बर्नीला सांगितलं. चिडेल असं वाटलं होतं, चिडली नाही. ते जरा विचित्र वाटलं. म्हणाली, "मी कापड टाकून ठेवीन. दोन वाजता ये. अर्धा तास. अर्धा तास तरी देतील ना?"

"देतील म्हणजे काय! जेवायची सुट्टी हक्काची आहे."

"दोन वाजता," ती पुन्हा म्हणाली. "मी चारदा नाही विचारणार."

१९ जुलै, शनिवार

पाय बादलीत गरम पाण्यात ठेवून लिहितो आहे. काय दिवस होता!

सकाळपासून फाटकावर रणकंदन. हिरव्या सभासदत्वाची माणसं, हातात टोपल्या, कडेवर पोरं, आणि यंत्र लाल दिवा दाखवतंय. स्टशने एकदा लाल दिव्यावर आपली टोपीच टांगली. म्हणाला, "मला काही दिसत नाही, जा आत." ब्लेकने त्याला बाजूला घेतलं. शेडमध्ये तर त्याहून वाईट. मी ब्लेकबरोबर फिरत होतो, हातात मोठी प्लास्टिकची पिशवी, आणि लोकांची कापडं उचलत होतो. मी. ज्यांच्या लग्नांत नाचलो त्यांची कापडं. म्हातारी श्रीमती हानुस्कोवा नुसती बघत राहिली. ती शिव्या देती तर बरं वाटलं असतं.

अकराच्या सुमारास टोकाच्या टेबलाशी आलो तर निळे कोंबडे. चार चिमटे, टोपली, कोणी नाही. बर्नी तळलेले बटाटे आणायला गेली असणार. ब्लेकने कापडाचं टोक धरलं. मी त्याचा हात धरला.

"हे राहू दे."

"नियम सगळ्यांना सारखा, रीजिस."

"माझ्या बायकोचं आहे. हे उचलायचं तर आधी मला उचल."

मला स्वतःचंच नवल वाटलं. ब्लेक हसला, खांदे उडवले, पुढे गेला. इतक्या महिन्यांत आज पहिल्यांदा स्वतःबद्दल बरं वाटलं. दोन वाजता हे बर्नीला सांगायचं असं ठरवलं.

दोन वाजता रद्द करणाऱ्यांची रांग खिडकीपासून चक्रापर्यंत गेली होती. शेडमधून हाकललेले सगळे तिथे आले होते. ओडेसा म्हणाली, "तू जा, मी बघते." पण चाळीस माणसांसमोर तिला एकटीला कसं टाकू? म्हटलं, दहा मिनिटांत जाऊ. ती दहा मिनिटं साडेपाचपर्यंत चालली.

धावत गेलो. कापड होतं, चिमटे होते, टोपली नव्हती, बर्नी नव्हती. ताट एक, पालथं घातलेलं, त्याच्याखाली दोन कोल्बासी आणि अक्रोडाच्या रोलचा तुकडा, कागदात गुंडाळून. म्हटलं चक्रावर गेली असेल, येईल. कापड टाकलंय म्हणजे येणारच.

मग मी तिथून हललोच नाही. टेबलाशी उभा राहिलो. किती जण आले, बसू का म्हणाले. प्लॅटिनमवाले एक कुटुंब तर कागद दाखवत आलं. सगळ्यांना सांगितलं, धरलेली आहे. शेडमधली इतर माणसं बघत होती. श्रीमती हानुस्कोवाने लांबून मान हलवली, सकाळचं तिने माफ केलं असं वाटलं. एकालाही बसू दिलं नाही. दिवे लागायच्या वेळेला कापड घडी करून घेतलं. स्टशने घरी सोडलं, कारण गाडी बर्नीकडे आहे.

घरी गाडी नाही. कोलेट आली होती पिकनिकला, तिला सोडायला गेली असेल, उशीर झाल्यावर राहिली असेल तिथेच. ओट्यावर हलुश्कीचा एक डबा फ्रीझरमधून काढून ठेवला होता. गरम करून खाल्ला. चव तीच, पण एकट्याने गिळवत नाही.

२० जुलै, रविवार

चर्चला गेलो नाही. नऊ वाजता ईरीला फोन केला. तिनेच उचलला.

"बर्नी, केव्हा निघतेस?"

"निघत नाहीये, रीज."

मी विचारलं, का? ती म्हणाली, तुला माहितीये. मला माहीत नव्हतं. की होतं? शिलाई मशीन, डबे, धुण्याच्या मशीनची बटणं, सगळं एकदम समोर येऊन उभं राहिलं. मी म्हणालो, "तुला कसं वाटतंय ते मला समजतंय." तोंडातून निघून गेलं. घाईघाईने पुढे म्हणालो, आपण मोठं काही नको करूया, तू आठवड्यातले चार दिवस तिकडे राहा, तीन दिवस इकडे. ती नको म्हणाली. मग म्हणालो, बरं, मग तीन महिने राहा तिकडे. काही ठरवू नकोस. हंगाम संपू दे.

"झाली का तिसरी?" बर्नीने विचारलं.

मला आधी कळलं नाही. मग कळलं.

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी बोललो असतो. तीही थकलेली वाटली, खिडकीवर येणाऱ्या माणसांसारखी, ज्यांना भांडायचं नसतं, फक्त सुटायचं असतं.

"मग कापड का ठेवून गेलीस?" मी म्हणालो. "मी संध्याकाळपर्यंत ते टेबल राखलं, बर्नी. ब्लेकशी भांडलो. कुणालाही बसू दिलं नाही. तू येशील म्हणून. आपल्याकडे कापड ठेवून कुणी निघून जातं का?"

"मी माझी जागा धरलीच नव्हती. तुझी धरली होती. मी तर रांगेत उभी राहून पूर्ण तिकीट काढून आत आले. तू सोनेरी करणार होतास ना माझं."

मी ते विसरलो होतो. दोन मिनिटांचं काम.

"चारपर्यंत बसले समोर," ती म्हणाली. "ताट झाकून ठेवलं. म्हटलं, उशिरा येईल, पण येऊन बसेल तरी. बसलास का?"

"अं?"

"संध्याकाळपर्यंत होतास ना तिथे. कापड होतं, ताट होतं, बाकडं रिकामं. बसलास का तू, रीज?"

"नाही," मी म्हणालो.

ती रडत होती. मीपण. पण दोघांनीही फोन ठेवला नाही. शेवटी नाक ओढत म्हणाली, "एक काम कर. ते पैसे कापणं बंद कर. खरोखरचं बंद. विराम नको."

२१ जुलै, सोमवार

माझी सुट्टी होती, तरी सकाळी जाऊन खिडकीवर बसलो आणि तिचं नाव काढलं. बर्नाडेट हुडाक, हिरवं, विरामात. यंत्राने विचारलं, तिन्ही ऑफर दिल्या का? दिल्या होत्या. हो दाबलं. कारण विचारलं, त्यात चार पर्याय येतात. त्यातलं 'वापर होत नाही' दाबलं. झालं. शनिवारमुळे साठ तसेही होत नव्हते, त्यात हे आणखी एक गेलं. ओडेसाने पाहिलं. माझ्या पाठीवर हात ठेवला आणि वाजणारा फोन उचलला.

कापड बरोबर आणलं होतं. का, ते मला सांगता येणार नाही. सोमवारी शेड रिकामी असते, ब्लेक बैठकीत होता. टोकाच्या टेबलावर अंथरलं, चार चिमटे लावले, हलुश्कीचा डबा उघडला आणि बसलो. नावाची पट्टी न लावता. इथून चक्र दिसतं, आणि मी जिथे तिकिटं फाडायचो ती जागासुद्धा. म्हणजे त्या पहिल्या दिवशी, भेटायच्या आधीपासून, ती इथे बसून मलाच बघत होती. बाकडं अरुंद आहे, पाठीला आधार नाही.

थोड्या वेळाने त्या आजीबाई आल्या, नातवंडांच्या पर्स सांभाळणाऱ्या. दोन्ही खांद्यांवर पर्स, हातात आइस्क्रीम वितळतंय. दुसऱ्या टेबलांवर तिरपं ऊन आलं होतं.

"इथे कुणी यायचंय का?" त्यांनी विचारलं.

मी सवयीने हो म्हणालो. मग समोरचे, बर्नीच्या बाजूचे दोन चिमटे काढले, अर्धं कापड माझ्याकडे दुमडून घेतलं आणि त्यांना बसायला सांगितलं.